चालवून घेणारा पार्सर

जेसन फाइलमध्ये शेवटच्या नोंदीनंतर एक स्वल्पविराम जास्त पडला, तर पायथनचा पार्सर कितवी ओळ, कितवा रकाना, कितवे अक्षर असा पंचनामा करून काम थांबवतो. चूक इतक्या नेमकेपणाने दाखवली की ती ज्याने केली त्यालाच दुरुस्त करावी लागते. ऐन कामाच्या दिवशी कुणावर अशी वेळ आणणे मला मान्य नाही.

डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेसनचे व्याकरण व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर मावेल एवढे आखूड ठेवले. दुहेरी अवतरणचिन्हेच हवीत, आकड्याच्या सुरुवातीला फुकटचे शून्य नको, फाइलमध्ये शेरे नकोत. एवढ्याशा व्याकरणासाठी वेगळा वेळ काढून ते वाचावे, अशी अपेक्षा कामात गढलेल्या माणसाकडून कशी करायची? त्यापेक्षा पीएचपीची रीत पाहा. तिथले जेसन उलगडणारे फंक्शन बिघडलेल्या मजकुरालाही ‘नल’ म्हणते आणि नुसते ‘नल’ लिहिलेल्या वैध मजकुरालाही ‘नल’च म्हणते. शुद्ध-अशुद्ध असा भेद नाही. २०१८ साली ७.३ आवृत्तीत चुकीवर अपवाद फेकण्याची सोय आली, पण ती मुद्दाम मागावी लागते. न मागणाऱ्याची शांतता कुणी भंग केलेली नाही.

या वृत्तीचा पाया जॉन पोस्टेल यांनी १९८० सालीच घातला. दुसऱ्याकडून येईल ते उदारपणे घ्यावे, आपण पाठवताना मात्र काटेकोर राहावे, असे त्यांचे सूत्र. त्यातला काटेकोरपणाचा भाग पाठवणाऱ्यांनी पाहावा. आपण घेणारे.

उदारपणाने माणसे किती पुढे जातात याचा दाखला २०१७ साली काउचडीबी या डेटाबेसने दिला. एकाच वस्तूत एकच नाव दोनदा लिहू नये, असे जेसनचे मानक सुचवते. सक्ती करत नाही. काउचडीबीत नवा वापरकर्ता नोंदवताना ‘रोल्स’ हे नाव दोनदा लिहिता येत असे, आधी प्रशासकाच्या अधिकारासह आणि नंतर रिकामे. तपासणी करणारा जावास्क्रिप्टचा भाग शेवटचे ‘रोल्स’ वाचायचा. त्याला ते रिकामे दिसले, आक्षेप उरला नाही. अधिकार देणारा अर्लँगचा भाग पहिले वाचायचा; त्याने प्रशासकपद दिले. दोघांनीही फाइल परत पाठवली नाही, म्हणूनच कालपर्यंत कुणी नसलेल्या माणसाला साऱ्या डेटाबेसच्या किल्ल्या मिळाल्या. पुढे १.७.० आणि २.१.१ या आवृत्त्यांत हा मार्ग बंद केला गेला, याची मला खंत आहे.

इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने २०२३ साली याच उदारपणाविरुद्ध एक दस्तऐवजच काढला, आरएफसी ९४१३. एकाने चालवून घेतलेली चूक हळूहळू रूढ होते आणि मग नव्याने येणाऱ्यालाही ती सांभाळावी लागते, असे त्याचे म्हणणे. यात तक्रार करण्यासारखे काय आहे, ते मला उमगलेले नाही. नव्या माणसाला आयता वारसा मिळतो.

तेव्हा फाइल नाकारू नका, पार्सरकडे देण्याआधीच परस्पर नीट करा. सगळी एकेरी अवतरणचिन्हे एका ओळीच्या रेगेक्सने दुहेरी करा. निम्म्या बिघडलेल्या फाइली तिथेच सुधारतात. समजा, फाइल पैसे जमा करायच्या यादीची आहे. तिच्यातली वसईच्या डि'सोझांची नोंद मुळात वैध होती, ती मात्र या दुरुस्तीने मोडेल, कारण त्यांच्या आडनावातच एकेरी चिन्ह आहे. त्यासाठी प्रत्येक नोंद वेगळी उलगडावी, तिच्याभोवती ट्राय-कॅच घालावा आणि कॅच रिकामा ठेवावा. त्यात लॉगची ओळसुद्धा घालू नये. लिहिलेले कुणीतरी वाचते आणि प्रश्न विचारते. यादी वेळेवर तयार होईल, अहवाल हिरवा दिसेल. राहिले डि'सोझा. त्यांचे पैसे जमा झाले नाहीत तर ते स्वतःहून कार्यालयात येतील, आणि तिथे त्यांच्याकडून कागदी अर्ज भरून घेता येईल.