दोन स्पेसवाला

सॉफ्टवेअर कंपनी म्हटली की तिच्यात एक दोन स्पेसवाला असतोच. तुमचा मजकूर तो वाचत नाही, आधी माउसने निवडतो. ओळ संपल्यावरही निळी पट्टी दोन घरं पुढे सरकते का, ते त्याला बघायचं असतं. सरकली तर ठीक. नाही तर खुर्ची तुमच्याकडे वळते. "अरे, एंटर मारलास खरा, पण ओळ तोडलीस कुठे?"

नवखा बावचळतो. एंटर मारला की ओळ तुटते, हे तो शाळेपासून मानत आलेला. मग प्रवचन सुरू. मार्कडाउनमध्ये नुसता एंटर म्हणजे शब्दांमधली एक मोकळी जागा. दोन्ही ओळी जोडून येतात. मध्ये अख्खी ओळ रिकामी सोडली तर नवा परिच्छेद. परिच्छेद तोच ठेवून ओळ तोडायची, तर शेवटी दोन स्पेस आणि मग एंटर. "आणि एकच स्पेस दिली तर?" "दिलीस काय, न दिलीस काय!"

२००४ साली मार्कडाउन काढणाऱ्या जॉन ग्रूबरबद्दल तो सख्ख्या मामाबद्दल बोलावं तसं बोलतो. ईमेलमध्ये लोक ठरावीक रुंदीला एंटर मारत लिहायचे. तो प्रत्येक एंटर खरा धरला असता तर वेबपानावर वाक्यांचे तुकडे पडले असते, हे मामांनी ओळखलं. गिटहबवर मात्र त्याचा राग. तिथे कॉमेंटमध्ये नुसत्या एंटरने ओळ तुटते, रीडमी फाइलमध्ये तुटत नाही. एकाच घरात दोन कायदे!

पण खरा वैरी शेजारच्या टेबलावर. त्याने एडिटरला सांगून ठेवलंय, सेव्ह करताना ओळीच्या शेवटच्या फालतू स्पेस झाडून टाक. गणपतीची सूचना आमच्या दोन स्पेसवाल्याने नीट तीन ओळींत लिहिली होती. वैऱ्याने त्यात एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला, सेव्ह केलं, आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर झळकलं: 'वर्गणी जमा करावी प्रसाद पेढे आरती साडेबारा वाजता'. दुपारपर्यंत दोन ट्रेनी पैसे घेऊन प्रसाद पेढे कुठे बसतात ते विचारत फिरत होते.

कुणीतरी सुचवलं, ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश दे, कॉमनमार्कमध्ये चालतो. तो शहारला. "दिसतो तो! कच्चा मजकूरसुद्धा सुबक वाचता यावा, हाच तर मार्कडाउनचा हेतू. सोवळ्याला सेफ्टी पिन लावतोस होय?" बीआर टॅगचं नाव काढायची मग कुणाची छाती झाली नाही.

शेवटी त्याने एडिटरकॉन्फिग फाइलमध्ये मार्कडाउनपुरती ती झाडलोट बंद करून घेतली. वर खुलासा लिहिला: 'या स्पेस फालतू नाहीत.' वैऱ्याने मुकाट्याने मान्यता दिली.

पेढे मात्र ऑफिसात कायम झाले. बिल्ड मोडली की हल्ली सगळे एकसुरात सांगतात, "पेढ्यांनी काहीतरी केलंय." दोन स्पेसवाला तेवढा हसत नाही. उठून फाइल तपासायला जातो.