कोर्लईचे गुन्हेगार

मुलाच्या कानी एकाच वेळी दोन भाषा पडल्यास त्याची बुद्धी संभ्रमित होते, सबब घरात केवळ इंग्रजीच बोलावी, असा हुकूम ज्या पंडितांनी जारी केला आहे, त्यांनी रेवदंड्याच्या खाडीपलीकडील कोर्लईची पाहणी अवश्य करावी. १७४० साली कोर्लईसह चौलचा मुलूख मराठ्यांच्या स्वाधीन करून पोर्तुगीज अंमलदार गाशा गुंडाळून चालते झाले. परंतु तेथील ख्रिस्ती कुटुंबे, शाळा, क्रमिक पुस्तक वा सरकारी अनुदान यांपैकी कशाचाही आधार नसताना, आपली पोर्तुगीज वळणाची बोली अडीचशेहून अधिक वर्षे पोरांच्या तोंडी घालीत आली. तेथील मूल आईशी त्या बोलीत रुसते, शेजारच्या पोरांशी मराठीत भांडते आणि दोहोंत सारख्याच सफाईने थापा मारते. बुद्धिभ्रंशाची फिर्याद मात्र कोणी गुदरल्याचे ऐकिवात नाही. इकडे पुण्यामुंबईच्या सदनिकांत, आई मराठी आणि बाप तमिळ असा दुहेरी वारसा आयता हाती आलेला असता, दोन्ही भाषांना बेदखल करून तिसरीच दत्तक घेतली जाते, आणि आजीला नातवाशी बोलावयास दुभाष्या लागतो. संभ्रम हा मुलांचा रोग नव्हे. ते पालकांचे वंशपरंपरागत वतन आहे.