पाईप पेटायला वेळ लागतो

सिगारेट कोणीही ओढतो. पेपर अवघड गेला म्हणून ओढतो आणि सोपा गेला म्हणूनही ओढतो. पाईप ओढायला मात्र एका विशिष्ट घडणीचा माणूस लागतो. मराठी प्रेक्षक त्याला सिनेमातून ओळखतो. रेशमी गाऊन घातलेले रावसाहेब वळणदार जिन्यावरून खाली येतात, मुलगी गॅरेजमधल्या मेकॅनिकच्या प्रेमात पडल्याची बातमी त्यांच्या कानावर घातली जाते, आणि ते लगेच ओरडत नाहीत. आधी पाईप तोंडातून काढतात, त्याच्याकडे बघतात, परत तोंडात धरतात, आणि मग कुठे "हे लग्न होणार नाही" असं जाहीर करतात. दिग्दर्शकाला तंबाखूतलं ओ की ठो कळत नसेल, पण एक गोष्ट त्याने अचूक हेरलेली असते: ज्याला उत्तर द्यायची घाई नाही तो बडा माणूस. त्या पाईपात बहुतेक वेळा विस्तवच नसतो, हा भाग वेगळा. माझं म्हणणं असं, की खऱ्या पाईपवाल्याचंही सगळं सुख या एका सवलतीत साठवलेलं आहे. त्याला धूर प्रिय असतो, नाही असं नाही. पण धुरापेक्षा, आपल्याला कोणी काही विचारलं तर जग दोन मिनिटं मुकाट्याने थांबतं, हे त्याला जास्त प्रिय असतं. कडक तंबाखू ही या सवलतीची त्याने भरलेली किंमत.

आता कडक म्हणजे किती कडक, हे सांगायला हवं. इंग्लंडच्या उत्तरेला, सरोवरांच्या डोंगराळ मुलखाच्या वेशीवर, केंडल नावाचं पावसाळी गाव आहे. तिथे १७९२ पासून तपकीर आणि तंबाखूचा धंदा चालत आला आहे. तिथली काळी पिळाची तंबाखू जाड सुंभासारखी दिसते: ओलसर पानं एकात एक गुंडाळून, पिळून, मग दाबून आणि ऊब देऊन काळी केलेली. खाणीत काडी ओढायची सोय नसायची, म्हणून तिकडचे कोळसा-खाणकामगार असली पिळाची तंबाखू चघळत. त्या जातकुळीची तंबाखू आमचा पाईपवाला ओढतो. ती पुडीतून काढली आणि भरली, असा प्रकार नाही. आधी धारदार सुरीने पिळाच्या पातळ चकत्या कापायच्या. बोट वाचलं तर त्या चकत्या चिमटीत चुरून कागदावर पसरायच्या. ओलावा किती उडाला ते बोटाने दाबून बघायचं. चुरा बोटाला चिकटला तर अजून थांबायचं, करकरला तर उशीर झाला. मग पाईपच्या वाटीत तळाला हलक्या हाताने, मध्ये जरा जोर देऊन आणि वर घट्ट अशी भरायची. पहिली काडी लावली की वरचा थर फुलून उठतो. तो दाबणीने खाली बसवायचा, तेवढ्यात पाईप विझतो. दुसरी काडी. या वेळी पेटतो, पण एकाच बाजूने. तिसरी काडी. इथपर्यंत अर्धा तास गेलेला असतो आणि साहेबांनी धूर असा घेतलेलाच नसतो. घरातल्या माणसांना एव्हाना कळून चुकलेलं असतं, की गच्च झालेलं गटार साफ करण्याचा विषय आज निघणार नाही.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे. वेळच काढायचा तर साधी, सौम्य तंबाखू का चालत नाही? चालत नाही, कारण सौम्य तंबाखू माणसाला घाई करू देते. याचं रसायन आपल्याकडच्या लोकांना मुद्दाम समजवायची गरज नाही. गायछापची पुडी आणि चुन्याची डबी बाळगणाऱ्या प्रत्येकाला ते तळहातावर पाठ आहे. चुन्याने तंबाखू अल्कधर्मी होते, निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या अस्तरातून थेट रक्तात उतरतं. केंडलच्या पिळात चुना नसतो, पण काळ्या, सावकाश वाळवलेल्या पानाचा धूर मुळातच अल्कधर्मी असतो. सिगारेटचं पान भट्टीच्या गरम हवेत पिवळं वाळवतात, त्याचा धूर आम्लधर्मी. तो छातीत ओढल्याशिवाय भागत नाही. पाईपवाल्याला छातीत ओढायची गरज पडत नाही, तोंडात घोळवला तरी काम होतं. मात्र झुरके भराभर मारले, की तंबाखू लागते. लागते म्हणजे पुरती लागते: उचकी सुरू होते, कपाळावर गार घाम येतो, भिंतीवरचं कॅलेंडर जागचं हलतं. नवशिक्याला आधी वाटतं आपण मोठे झालो, आणि पाचव्या मिनिटाला आई आठवते. म्हणजे कडक तंबाखू ओढणाऱ्यावर सावकाशीची सक्ती करते. मिनिटाला एखाद-दुसरा झुरका, बाकीचा वेळ पाईप हातात धरून स्वस्थ बसणं. ज्याला स्वस्थ बसायचंच आहे, त्याने आपल्यावर पहारा ठेवायला याहून कडक हवालदार शोधून दाखवावा.

म्हणून तर चेरी, व्हॅनिला वगैरे वास लावलेल्या तंबाखूवर तो खार खाऊन असतो. ती ओढणाऱ्याशी तो सभ्यपणे वागतो, पण आपली चंची त्याच्यापुढे सोडत नाही. कडक तंबाखूवाल्यांतही पोटजाती आहेत. सीरिया-सायप्रसकडची धुरावलेली लाटाकिया ओढणारे स्वतःला विद्वान समजतात. अमेरिकेत लुइझियानाच्या एका छोट्याशा मुलखात पिंपात दाबून आंबवलेली पेरीक ओढणारे स्वतःला साधक समजतात. आणि पिळाची तंबाखू ओढणारा या दोघांनाही शौकीन म्हणतो, जे त्याच्या तोंडी शिवीच असते. गंमत अशी, की केंडलच्या काही तंबाखूंना अंगाला लावायच्या साबणाचा वास येतो. त्यावर मात्र तो म्हणतो, "तो परंपरेचा वास आहे." प्रत्येक शौकाला सोवळं-ओवळं असतं आणि ते कुठल्याही तर्काला धूप घालत नाही. पण माझ्या मुद्द्याचा पक्का पुरावा हवा असेल तर या मंडळींच्या स्पर्धा पाहाव्यात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे प्रत्येकाला तीन ग्रॅम तंबाखू आणि दोन काड्या मिळतात. पेटवायला एक मिनिट. ज्याचा पाईप शेवटपर्यंत धुमसत राहील तो जिंकला. तीन ग्रॅमवर दोन-दोन तास काढणारे वीर त्यात आहेत. सर्वांत आधी संपवणारा सर्वांत आधी हरतो, अशी दुसरी स्पर्धा मला तरी फक्त सरकारी कचेरीत चालू असलेली माहीत आहे.

इथे पाईपवाल्याचे वकील उठतात आणि थोरामोठ्यांची नावं घेतात. पाईप ही विचारवंतांची वस्तू आहे, असं त्यांचं म्हणणं. शेरलॉक होम्स तर त्यांच्या पहिल्या ओळीत. १८८७ च्या पहिल्याच कादंबरीत तो वॉटसनला, खोली भाड्याने एकत्र घेण्याआधी, कडक तंबाखूचा वास चालेल ना, असं विचारून घेतो. पुढे १८९१ च्या एका कथेत तो एका प्रकरणाला तीन पाईपांचं प्रकरण ठरवतो आणि पन्नास मिनिटं आपल्याशी बोलू नकोस, असं बजावतो. वकील यातलं 'तीन पाईप' उचलतात. मला त्यातलं 'बोलू नकोस' महत्त्वाचं वाटतं. वॉटसन हा भला, कर्तव्यदक्ष आणि सतत प्रश्न विचारणारा माणूस. त्याला पन्नास मिनिटं गप्प बसवणारं दुसरं साधन त्या घरात नव्हतं. प्रकरण सुटलं ते तंबाखूमुळे की शांततेमुळे, याचा निवाडा कॉनन डॉयलनेही केलेला नाही. आणि ज्या होम्सने आदल्या दिवशीच्या पाईपांच्या तळाशी उरलेलं जळकं सामान वाळवून सकाळी न्याहारीआधी ओढायला ठेवलं, त्याला चवीचा भोक्ता म्हणणं मुश्कील आहे. चव इतकी दुय्यम मानणारा माणूस पाईपाकडून दुसरंच काहीतरी घेत असणार.

आणि कादंबरीतला माणूस पुरावा म्हणून चालत नसेल, तर पंतप्रधान घ्या. ब्रिटनचे हॅरल्ड विल्सन यांचा पाईप त्यांच्या चेहऱ्याचाच भाग झाला होता. १९६५ मध्ये त्यांना त्या वर्षीचा उत्कृष्ट पाईपवाला हा किताबही मिळाला. टेलिव्हिजनवर मुलाखतकाराने अडचणीचा प्रश्न टाकला की साहेब पाईप पेटवायला घेत. काडी, झुरका, दाबणी, पुन्हा काडी. तेवढ्यात उत्तर तयार होई, किंवा प्रश्न शिळा होई. घरात, कॅमेऱ्याच्या आड, त्यांना सिगार जास्त आवडत, असं त्यांना जवळून पाहिलेल्यांनी सांगून ठेवलं आहे. सिगार सुखासाठी, पाईप पत्रकारांसाठी! यापेक्षा स्वच्छ कबुलीजबाब कुठल्या कोर्टात मिळणार? सिगारेटवाला पुढारी उत्तर देताना अस्वस्थ दिसतो, पाईपवाला विचारात दिसतो. दोघांनाही उत्तर येत नसतं.

दुसरा आक्षेप जुना आहे, चारशे वर्षांचा. १६०४ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने तंबाखूविरुद्ध आख्खं पुस्तक लिहिलं: डोळ्यांना त्रास, नाकाला घाण, मेंदूला अपाय, फुप्फुसाला धोका. लिहून झाल्यावर त्याने पौंडामागे दोन पेन्स असलेली जकात सहा शिलिंग दहा पेन्सवर नेली, म्हणजे घाण ती घाण आणि महसूल तो महसूल. नेमकं त्याच सुमाराला इकडे दख्खनमधून तंबाखू आग्र्याला पोचत होती. अकबराचा वकील असदबेग विजापूरला गेला होता. तिथे त्याने ही नवी चीज पाहिली आणि जडावाची नळी तयार करवून बादशहापुढे तबकात ठेवली. अकबराने कुतूहलाने दोन-चार झुरके घेतले. हकीम आडवे आले. फिरंगी ओढतात म्हणून आपणही ओढायचं का, आपल्या जाणत्यांनी पारख केली आहे का, असा त्यांचा सवाल. फिरंग्यांतही शहाणे असतात, असं असदबेगचं उत्तर. वाद रंगला, बादशहाने पुढे तंबाखू धरली नाही, आणि दरबारी लोकांनी मात्र तिच्यासाठी असदबेगकडे रांग लावली. मला या हकिकतीत हकीमांची बाजू बरोबर वाटते आणि दरबाऱ्यांची समजते. बादशहाला गप्प बसायला नळीची गरज नव्हती, तो बादशहा होता. दरबाऱ्याला मात्र उत्तर देण्याआधी चार श्वासांची सोय फार मोलाची.

मग आपला तंबाखू मळणारा याच कुळातला का? अर्धाच. मळणं, चुना लावणं, थापटणं, फक्की उडवणं, यात वेळकाढूपणाची कला आहेच आणि ती फार वरच्या दर्जाची आहे. पण तो मळताना बोलतो. किंबहुना मळल्याशिवाय त्याला बोलता येत नाही; समोरच्याला अर्धी चिमूट देऊनच गावचं राजकारण सुरू होतं. पाईप कोणाला चिमूटभर देता येत नाही. बार भरला की मराठी माणूस गप्प होतो हे खरं, पण ते थुंकायला जागा मिळेपर्यंतच.

घरच्यांचा आक्षेप मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यात घरचेच बरोबर आहेत. पडद्यांना वास येतो, गालिच्यावर निखारा पडतो, बेसिनमध्ये काळं पाणी, टेबलावर पाईप साफ करायच्या लोकरी तारांचे वापरलेले तुकडे. शिवाय प्रत्येक पाईपला एक दिवस विश्रांती लागते, म्हणून सात पाईप, आणि रविवारी कुठला, हा आठवा प्रश्न. कायद्याचा आक्षेप त्याहून परिणामकारक ठरला. १ जुलै २००७ पासून इंग्लंडमध्ये पबच्या आत धूम्रपान बंद झालं. सिगारेटवाला पाच मिनिटं बाहेर पावसात उभा राहून परत येतो. पाईपवाल्याला तास लागतो, आणि उत्तर इंग्लंडात तासभर पावसात उभं राहणं हा आराम राहत नाही.

उरला डॉक्टरांचा आक्षेप, आणि त्याला उत्तर नाही. १७९५ मध्येच जर्मन शरीरशास्त्रज्ञ सोमरिंग याने पाईप ओढणाऱ्यांच्या ओठाला होणाऱ्या कर्करोगाची नोंद करून ठेवली होती. धूर छातीत घेत नाही, ही सबब ओठ, जीभ आणि घसा मान्य करत नाहीत. या मुद्द्यावर पाईपवाले आइन्स्टाइनला पुढे करतात. १९५० मध्ये माँट्रिअलच्या पाईप क्लबने त्यांना आजीव सभासद केलं, तेव्हा पाईपामुळे माणसाच्या व्यवहारात थोडी शांत आणि तटस्थ विचारबुद्धी येते, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं होतं. पण त्याच आइन्स्टाइनना उतारवयात डॉक्टरांनी धूम्रपान बंद करायला सांगितलं आणि तरी पाईप सुटला नाही. ते तो नुसता तोंडात धरून चावत राहिले. त्यांचा एक पाईप वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे आणि त्याच्या नळीला दातांनी पाडलेलं भोक आहे. तंबाखू वजा केली तरी शांतता शिल्लक राहते, हे एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. केंडलच्या कडक तंबाखूवाल्यापुढे हा पुरावा ठेवला, तर त्याला तो मुळीच पटत नाही. रिकामा पाईप चावणं हे सापेक्षतेच्या सिद्धांतात बसत असेल, तंबाखूच्या शास्त्रात बसत नाही, असं काहीतरी त्याच्या जिभेवर येतं. पण ते बोलण्याआधी त्याच्या लक्षात येतं, की आपला पाईप विझला आहे.