९३ टक्के आणि आर्ट्स?

“काय सांगू बाई, मले त रातभर झोप नाही लागली,” पलीकडच्या काकू सकाळी साडेसहाला फाटकातूनच बोलल्या. मला वाटलं कोणी गेलंबिलं. हातातला झाडू तसाच राहिला. काकूंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आवाज पार तळाला नेला आणि म्हणाल्या, “गुरुजींच्या पोट्टीनं आर्ट्स घेतलं!”

दहावीला ९३ टक्के. पेपरात फोटो आलेली पोरगी. आणि आर्ट्स!

गोंदियाबाहेरच्या वाचकाला यातलं गांभीर्य कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे शाखा नसते, साइड असते. निकाल लागला की पोराला ‘पुढे काय करायचं मनात आहे’ असं कोणी विचारत नाही. “कोणती साइड?” एवढंच. ऐंशीच्या वर असाल तर सायन्स. साठ ते ऐंशी असाल तरी सायन्सच, फक्त सांगताना मान जरा खाली. त्याखाली कॉमर्स. आणि आर्ट्सचा विषय पाहुण्यांसमोर काढायचा नसतो. सायन्समध्येही पायऱ्या आहेत बरं का. बायोवाला सगळ्यात वर, मॅथ्सवाला एक पायरी खाली, आणि ज्याचं अजून काहीच ठरलेलं नाही तो दोन्ही घेतो आणि पीसीएमबी म्हणून छाती फुगवून फिरतो.

दुपारपर्यंत गल्लीतल्या चार बायका गुरुजींकडे जाऊन आल्या होत्या. मीही गेले, खोटं कशाला बोलू? जाताना हातात काय न्यावं हेच कळेना. पेढे न्यावेत तर प्रसंग तसा नाही, नारळ तर मुळीच नाही. शेवटी अर्धा डझन केळी नेली. केळी कशालाही चालतात.

तिथे तपास सुरूच होता. एकीचं म्हणणं, पोरीला नजर लागली. दुसरीने हळूच विचारून घेतलं, आर्ट्सच्या वर्गात कोणी ओळखीचं तर नाही ना? तिसरीला गुरुजींचाच संशय. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाला आहे, दहा कॉलेजांपर्यंत पसंती भरता येते. पोरीने जेवढ्या पसंत्या भरल्या तेवढ्या सगळ्या आर्ट्सच्या! “पण ओटीपी कोणाच्या मोबाइलवर आला असंन?” तिसरी म्हणाली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. ओटीपी बापाच्याच मोबाइलवर येतो. म्हणजे बाप सामील!

या गल्लीला खूळ नवं नाही. मी सून म्हणून आले तेव्हा डीएडचं वारं होतं. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. मानधन महिना तीन हजार, पण तीन वर्षं काढली की कायम, मग पेन्शनपर्यंत डोळे मिटून. लग्नाच्या बाजारात डीएडवाल्या पोरीला असा भाव, की मुलाकडचे रंग, उंची, पत्रिका सगळं विसरायचे. बारावी झाली की डीएड, दुसरा विचारच नाही. पुढे भरती आटली, २०१३ मध्ये शिक्षकांसाठी टीईटी ही पात्रता परीक्षा आली, आणि कॉलेजं जशी भराभर उघडली होती तशीच भराभर कुलपं लागली. मग इंजिनीअरिंगचं खूळ आलं. ते उतरतं न उतरतं तोच २०१६ साली गोंदियाला सरकारी मेडिकल कॉलेज आलं, पुढल्याच वर्षी राज्यातले मेडिकलचे सगळे प्रवेश नीटवर गेले, आणि गल्लीचा ताबा नीटने घेतला तो अजून सोडलेला नाही. एकशे ऐंशी प्रश्न, सातशे वीस मार्क, बरोबर आलं तर चार, चुकलं तर एक वजा. भाजीवाल्याशी घासाघीस करतानासुद्धा आमच्या बायका आता निगेटिव्ह मार्किंगची भाषा बोलतात.

मी एकदा हिशेब मांडला. २०२५ ला देशभरात २२ लाखांवर पोरं नीटला बसली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आतबाहेर. म्हणजे अठरातून एक. आमच्या गल्लीत बायोवाले सहा. गल्लीच्या वाट्याला डॉक्टरचा तिसरा हिस्सा येतो. हा हिशेब मी कोणाला सांगितला नाही, कारण त्या सहांत एक माझा आहे.

हो, माझाही. त्याचं नाव इथल्या ज्युनिअर कॉलेजात आहे आणि तो स्वतः नागपुरात, नीटच्या क्लासला. सगळ्यांचंच तसं. इकडे नाव, तिकडे पोरगं, प्रॅक्टिकलला तेवढं तोंड दाखवायचं. २०१८ मध्ये सरकारने सायन्सच्या पोरांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. यंत्र लावाल हो, पण अंगठा नागपुरात आहे त्याचं काय? जून-जुलैत आमच्या स्टेशनवर एकदा येऊन पाहा. शेतात पऱ्हे टाकायचे दिवस, आणि इकडे पोरांचीच रोवणी : इथून उपटायची, तिथे लावायची. कोणी नागपूरच्या गाडीत, कोणी उलट्या दिशेने भिलाईच्या, ज्याच्या बापाने जमीन विकली तो थेट कोट्याला. गुंडाळलेली गादी, विजेची किटली, लोणच्याची बरणी आणि तिला दोन पिशव्यांची गाठ. बरणी मीही दिली होती. ती दिवाळीला तशीच परत आली, झाकणसुद्धा न उघडलेली. “वेळ नाही मिळाला,” म्हणाला. लोणचं खायला वेळ?

असो. विषय गुरुजींच्या पोरीचा.

ती बिचारी आमच्यासाठी तर्री-पोहे घेऊन आली. चेहऱ्यावर पश्चात्ताप नाही, काही नाही. मीच धीर करून विचारलं, “आर्ट्स घेऊन करणार काय गं?”

“भूगोल.”

तिघी-चौघींनी एकदम चमचे खाली ठेवले. इंग्रजी म्हणाली असती तर समजू शकलो असतो. पण भूगोल! तो दहावीच्या चाळीस मार्कांच्या पेपरात पुरून यायचा असतो.

“काकू, तुमचं माहेर नवेगावबांधकडचं ना? तुमच्या गावात मामा तलाव आहे?”

आहे की. माझ्या मामाने बांधला असं मी लहानपणी समजायची, आणि खरं सांगायचं तर लग्नापर्यंत समजायची. पोरगी हसली नाही. तिने सांगितलं : मामा म्हणजे माजी मालगुजारी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, म्हणून ‘माजी’. त्याआधी शे-दोनशे वर्षं कोहळी लोकांनी हे तलाव बांधले, जमिनीचा उतार नुसत्या डोळ्यांनी मोजून. गोंदिया-भंडाऱ्याचा धान त्यांच्यावर उभा राहिला. “तुमचा तलाव भरून वाहिला की पाणी कुठे जातं, काकू?”

मी पोह्यात पाहिलं. ज्या पाळीवर मी चिंचा खाल्ल्या, जिथे म्हशींबरोबर पोहायला शिकले, तिथलं पाणी कुठे जातं हे मला ठाऊक नाही. नीटची कटऑफ मात्र चार प्रवर्गांची तोंडपाठ आहे. माहेरी फोन करून विचारीन म्हटलं, तेवढ्यात डोक्यावरून बिरसी विमानतळावरचं शिकाऊ विमान घरघरत गेलं. इतक्या वर्षांपासून ती विमानं आमच्या गच्च्यांवरून घिरट्या घालताहेत, आणि पायलट व्हायला बारावीला फिजिक्स-मॅथ्स लागतं हेही मला त्या आर्ट्सवालीनेच सांगितलं. माझा पोरगा मॅथ्स सोडून बसला आहे.

घरी येताना शाळेच्या मैदानावर पोलीस भरतीवाली पोरं पळत होती. सोळाशे मीटर, हातात मोबाइलचं घड्याळ, एक जण उलट्या करत कडेला बसलेला. त्यांची साइड कोणी विचारत नाही. भरतीला बारावी पास लागतं, कोणतीही चालते. इथले शिक्षणमहर्षी मनोहरभाई पटेल यांच्या जयंतीला, ९ फेब्रुवारीला, गुणवंतांना सुवर्णपदकं मिळतात, मुंबईहून सिनेमाचे पाहुणे येतात, तेव्हा हीच पोरं गर्दी आवरायला स्वयंसेवक म्हणून उभी असतात.

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. तो टीव्ही बघत म्हणाला, “भूगोल चांगला विषय आहे.” मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो आवाज वाढवून बातम्या ऐकू लागला. मग पोराला फोन केला. टेस्टमध्ये किती पडले ते विचारलं, जेवला का ते विचारलं, आणि ठेवता ठेवता विचारलं, “अरे, आपल्या आजोळच्या तलावाचं पाणी कुठे जातं रे?” पलीकडे बराच वेळ शांतता. “सिलॅबसमध्ये आहे का ते?”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला काकू परत फाटकात. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मी झाडू खाली ठेवूनच दिला, म्हटलं आता कोणाचं काय.

“आमचा लहाना,” काकू अगदी कानाशी आल्या, “नववीत भूगोलात चाळीसपैकी अडतीस आणले वो त्यानं. कोणाले सांगू नको बरं.”