टाकी भरायला मुभा

धरणगावात १९६४ची अमेरिकी मसल कार पाँटिअ‍ॅक जीटीओ शोधत कुणी येऊ नये. खानदेशाला अमेरिकी लोखंडाची ओळख झाली ती जीपमुळे. विलीजच्या घराण्यातल्या महिंद्राच्या जीपमध्ये मावतील तेवढी माणसं बसत, उरलेली लटकत. ताकद म्हणतात ती हीच.

तिकडे अमेरिकेत डेट्रॉईटच्या जीटीओसारख्या दांडग्या गाड्यांना विम्याचे हप्ते आणि १९७३ची तेलटंचाई भोवली. वाचल्या त्या आता गॅरेजात पुसूनपुसून ठेवतात, नाहीतर लिलावात मांडतात. डॉजनं २०२४मध्ये विजेवरची ‘चार्जर’ गाडी आणली आणि गुरगुराट मुद्दाम बनवून जोडला. दात गेले, डरकाळी यंत्रातून!

आपल्याकडेही २०२१पासून पन्नाशी उलटलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेची नंबरपाटी मिळते. नवी नोंदणी २० हजार रुपये. मात्र रोज फिरवायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती किंवा इंधन भरण्यापुरतीच बाहेर काढायची. जुन्या व्ही-एट इंजिनाची भूक पाहता शेवटची सवलत पुरेशी आहे. पंपावरून घरी येईपर्यंत पुन्हा पंपावर जाण्याचं कायदेशीर कारण तयार!

जीपवाल्यानं अर्ज करण्याआधी दोन अटी वाचाव्यात. भाड्याची सवारी चालत नाही, आणि गाडी मूळ रूपातच हवी. तिच्यात मूळचं काय उरलंय, हे मिस्त्रीही छातीठोकपणे सांगणार नाही.