मिरवणुकीसाठी स्वतःचा हात बसवण्याची शास्त्रोक्त पद्धत

श्रावण लागला की बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या प्रत्येक ढोल, झांज आणि लेझीम पथकाच्या अंगात एकच वारं शिरतं: ‘यंदा आपला स्वतःचा हात पाहिजे. पुण्याची नक्कल बास!’ (हात म्हणजे पथकाने वाजवायचा ठेका.) या विकारावर औषध नाही, म्हणून निदान पथ्य तरी सांगावं, एवढाच या मार्गदर्शनाचा हेतू. ते गणपतीला, शिवजयंतीच्या चित्ररथांना आणि लग्नाच्या वरातीला सारखंच लागू आहे. वरातीत फक्त नवरदेवाच्या मामाला नाचायला जागा सोडावी.

पायरी पहिली : पाय मोजा

ठेका हाताने वाजतो, पण बसतो पायांत. हे शिक्षण बेळगावात फुकट उपलब्ध आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून इथं आहे. बँडच्या ड्रमवर जवानांची पावलं कशी पडतात, ते जमेल तेव्हा पाहावं. पायदळाची नेहमीची कूच मिनिटाला १२० पावलांची. हा आकडा वहीत सुवाच्य अक्षरात लिहावा आणि वही घरी ठेवावी. कारण आपली मिरवणूक हुतात्मा चौक, रामदेव गल्ली, खडे बाजार करत कपिलेश्वर तलावाकडे निघते आणि दुसऱ्या दिवशी पोहोचते. १२० च्या चालीने गेलात, तर पथक तलावावर आणि गणपती अजून रामदेव गल्लीत, अशी अवस्था होईल. म्हणून दोन हात बसवावेत, एक चालता आणि एक उभा. उभा जास्त लागतो.

पायरी दुसरी : वाद्यांची हजेरी घ्या

ढोलाच्या एका तोंडावर टिपरू, दुसऱ्यावर पंजा. ढोल गर्दीला धीर देतो. अक्कल द्यायचं काम ताशाचं. ताशाने तर्री घेऊन इशारा केल्याशिवाय हात बदलत नाही, त्यामुळे ताशेवाल्याशी भांडण असलेल्याने नवनिर्मितीच्या भानगडीत पडू नये. हलगीचं कातडं भाद्रपदाच्या ओल्या हवेत उतरतं, ते सारखं शेकावं लागतं. त्यासाठी रद्दी, काडेपेटी आणि काडेपेटी कोरडी ठेवणारा एक जबाबदार कार्यकर्ता नेमावा. घुमकं आणि कैताळ जोडीला असेल तर हलगी खुलते. झांजेसाठी उमेदवार शोधावे लागत नाहीत, कारण फोटो झांजेचाच चांगला येतो.

पायरी तिसरी : बोल बांधा

सूर-तालाची लिपी पथकातल्या कुणालाच येत नाही, हे गृहीत धरावं. पोरांच्या तोंडात बसेल असं वाक्य शोधावं आणि ते सोळा मात्रांत पसरावं. नमुना म्हणून अस्सल बेळगावी बोल देत आहोत:

कुं-दा-घे-ऽ, मां-डा-घे-ऽ
पै-से-उ-द्या, दे-तो-ऽ-ऽ

‘कुं’, ‘मां’, ‘पै’ आणि ‘दे’ यांवर ढोलाचा भरीव ठोका. ‘पैसे उद्या’ ताशाने एकट्याने म्हणावं. उधारीचा विषय असल्याने आवाज किंचित खाली. आता महत्त्वाचं. शेवटच्या दोन मात्रा रिकाम्या आहेत. त्या रिकाम्याच राहू द्याव्यात. नवशिक्या पथकाला शांतता सोसत नाही. तिथं कुणी झांज मारतं, कुणी शिट्टी फुंकतं, ताशेवाल्याचे हात तर खाजवूच लागतात. पण चाळीस ढोल एकदम थांबले की माडीवरची माणसं खिडकीत येतात. ठोके सगळ्या जगाचे सारखेच असतात. तुमचं स्वतःचं काही असेल, तर ते तुम्ही कुठं थांबता यातच.

पायरी चौथी : उसनवारी करा, पण पत्ता विचारून

आपला मुलूख उसनवारीला फार सोयीचा. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत धनगरी ढोल ऐकावा, मग कन्नड मुलखातला डोळ्ळू कुणिता पाहावा. दोन्हीकडे देव बिरोबाच आणि ढोल वाजवणारे मेंढपाळच. तिकडचाच करडी मजल हा वाद्यमेळही कान देऊन ऐकावा. तालमीच्या मैदानात कुस्ती रंगात आली की हलगी कशी चढते, हे तर पाठच करावं. मात्र उचललेल्या ठेक्याच्या मालकीवरून वाद झाल्यास तो गल्लीतच मिटवावा. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथं आणखी गर्दी नको. निपाणीकरांची अडचण निराळी आहे. गावाला लागून असलेल्या अर्जुननगरात देवचंद कॉलेज आहे आणि ते कोल्हापूर जिल्ह्यात येतं. निपाणीत ढोलावर पडलेला ठोका तिथं ऐकू जाईपर्यंत महाराष्ट्राचा झालेला असतो.

पायरी पाचवी : सरावाला जागा शोधा

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत आणि त्यांत रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ निषिद्ध आहे. इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ढोल बडवणं तर नाव घेऊन दंडनीय ठरवलेलं आहे. निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. ती ताशेवाल्याच्या खोकल्यालाही पुरत नाही. सबब गावाबाहेरचं माळरान गाठावं. तिथं फक्त म्हशी दचकतात.

पायरी सहावी : कसोटी लावा

पहिली कसोटी शेवटच्या रांगेतल्या पोराची. दहा किलोमीटर सायकल मारून आलेल्या आणि फक्त वडापाव खाल्लेल्या त्या पोराला हात जमला, तरच तो मिरवणुकीत टिकेल. दुसरी कसोटी म्हाताऱ्या हलगीवाल्याची. तो ऐकून म्हणेल, ‘हे आमच्याकडं आधीपासून वाजवतात की ओ!’ हरकत घेऊ नये, बहुधा खरं असतं. तिसरी आणि अवघड कसोटी डॉल्बीची. पुढच्या मंडळाची भिंत छाती हादरवू लागली की आवाजात स्पर्धा करू नये. हरणार हे नक्की. तिथं त्या दोन रिकाम्या मात्रा कामी येत नाहीत, हेही मान्य करावं. डॉल्बी पुढं सरकेपर्यंत चहा घ्यावा.

पायरी सातवी : नाव आणि फ्लेक्स

हाताला गल्लीचं नाव द्यावं आणि पुढं ‘स्पेशल’ जोडावं. पुढच्या वर्षी दुसरी गल्ली तोच हात स्वतःचा म्हणून वाजवेल. ते प्रशस्तिपत्र समजावं. वाईट हात कुणी चोरत नाही.

राहिला फ्लेक्स. त्यावर अध्यक्ष, उपाध्यक्ष, आधारस्तंभ, मार्गदर्शक आणि मार्गदर्शकांचे चिरंजीव यांचे फोटो असतातच. ज्या हलगीवाल्या वस्तादाने ठेका कानात घातला, त्याचं नाव मात्र कुठंच नसतं, आणि बिदागीच्या वेळी खजिनदारही कुठं नसतो. तेव्हा नवा हात बसवण्याआधी वस्तादाची बिदागी ठरवा, अर्धी आगाऊ द्या आणि फ्लेक्सवर त्याचं नाव अध्यक्षांच्या वर छापा. एवढी एक गोष्ट केलीत, तरी या पट्ट्यात तुमच्याआधी कुणी केलं नाही असं काहीतरी केल्याचं समाधान मिळेल.