मापटंभर अभ्यास

आमच्या घरात सध्या पाच माणसं एलकेजीत आहेत. त्यातली नात तेवढी पिवळ्या बसमधून शाळेत जाते. तिचे आईबाप, आजी आणि मी असे बाकीचे चौघं घरून शिकतो. आमची हजेरी मोबाईलवर लागते. संध्याकाळी सातच्या सुमाराला सूनबाईच्या फोनवर वर्गाचा ग्रुप वाजला, की घरातली सगळी कामं क्षणभर थांबतात. ‘डिअर पेरेंट्स’ अशी सुरुवात असली म्हणजे उद्या काहीतरी न्यायचं आहे. उद्या पिवळा दिवस, पिवळं फळ द्या. परवा गोल दिवस, घरातल्या पाच गोल वस्तूंसोबत पाल्याचा फोटो पाठवा. शेवटी एक ओळ हमखास असते: मुलांना स्वतः करू द्या. सिगारेटच्या पाकिटावरच्या इशाऱ्याचा जेवढा परिणाम होतो, तेवढाच तिचा होतो. मुलगा पिरंगुटच्या कंपनीतून दुसरी पाळी करून रात्री येतो, हातपाय धुतो आणि कात्री-डिंक घेऊन कार्डबोर्डचं घर करायला बसतो. नात तेव्हा गाढ झोपलेली असते. सकाळी ते घर बघून तिला खरंच आनंद होतो, कारण तिने ते पहिल्यांदाच पाहिलेलं असतं.

आमचं भरे गाव घोटावडे फाट्याजवळचं. एका बाजूला पिरंगुटचे कारखाने, दुसरीकडे तालुक्याच्या त्या टोकाला हिंजवडीच्या काचेच्या इमारती, आणि मधल्या जागेत प्लॉटिंगच्या पाट्यांतून अंग चोरून उरलेली भातखाचरं. त्यातलं थोडं माझं. या भूगोलाचा अभ्यासक्रमाला पत्ता नाही, हे मला गेल्या जूनमध्ये कळलं. भाताचं रोप टाकून मी आभाळाकडे डोळे लावून बसलो होतो, आणि ओट्यावर नात हातवारे करून एक इंग्रजी गाणं पाठ करत होती. गोड आवाजात, ठेक्यात. मला वाटलं पावसाचं स्वागत चाललंय. सूनबाईने अर्थ सांगितला तेव्हा कळलं की पोरगी पावसाला हाकलून देते आहे. ज्या देशात हे गाणं झालं तिथे ऊन दुर्मीळ असेल, त्यांची अडचण मी समजू शकतो. पण मुळशीत, मृगात, खाचराच्या बांधावरून असं गाणं म्हणणं म्हणजे जरा अतीच. आजीने तिला म्हटलं, ‘हे तू दिवाळीत म्हण बाई, कापणीच्या वेळी.’

‘आपले मदतनीस’ नावाचा एक दिवस असतो. मुलांनी डॉक्टर, पोलीस, पोस्टमन वगैरे होऊन यायचं. नातीच्या वाट्याला शेतकरी आला. त्यासाठी धोतर, बंडी, शिवलेला फेटा आणि प्लास्टिकचा विळा असा पोशाख पुण्याहून भाड्याने आला. तिला बसपर्यंत सोडायला मी गेलो, तो थेट खाचरातून, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन. बसमधल्या मावशींनी शेतकरीणबाईंचं कौतुक केलं आणि मला म्हणाल्या, ‘आजोबा, जरा लांब उभे राहा, तिचे कपडे खराब होतील.’ त्यांचंही बरोबर होतं. कपड्यांचं डिपॉझिट भरलेलं होतं.

आता हा गृहपाठ मुळात असावा का, याबद्दल सरकारचं म्हणणं स्पष्ट आहे. आर. के. नारायण राज्यसभेवर होते तेव्हा, १९८९ साली, त्यांनी आपलं पहिलं भाषण पोरांच्या पाठीवरच्या दप्तरावर केलं. पुढे यशपाल समिती नेमली गेली, १९९३ मध्ये तिचा ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल आला. २०१८ च्या नोव्हेंबरात केंद्राने राज्यांना कळवलं की पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ देऊ नका. २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्याने तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांना ठरवून दिलेलं पाठ्यपुस्तकच नको म्हटलं. हे सगळं मी जमवून सूनबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘पहिली-दुसरीला नको असं लिहिलंय ना? ही अजून पहिलीत कुठे आहे?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहिलीला गृहपाठ नाही, म्हणून पहिलीच्या खालच्यांनी तो आधीच उरकून घ्यायचा, असा काहीतरी हिशेब असावा.

मात्र एका गोष्टीवर मी अडून बसतो, ती म्हणजे पानंच्या पानं गिरवणं. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. मूल जन्मतं तेव्हा ती सगळी कूर्चाच असतात, आणि एकेक करून कडक होत जातात. शेवटच्याची पाळी यायला दहा-बारा वर्षं लागतात. चार वर्षांच्या पोरीच्या मनगटाचं बांधकाम जेमतेम निम्म्यावर आलेलं असतं, आणि आपण तिला चार रेघांच्या वहीत शंभर वेळा ‘बी’ काढायला बसवतो. बोटांना ताकद येते ती कणकेचा गोळा मळताना, मटार सोलताना, लसूण निवडताना. आमच्या लहानपणी धुळाक्षरं असत, धुळीत बोट फिरवायचं. चुकलं की पुसायलाही लागत नसे, वाराच पुसून नेई.

हे काही मी शोधलेलं शहाणपण नाही. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बरोबरीने बालमंदिरात राबल्या, १९२६ मध्ये त्यांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला आणि १९४५ साली त्या बोर्डीला आल्या. अनुताई वाघ सोबतीला. पाड्यावरची पोरं बालवाडीत येईनात. कुणाच्या मागे गुरं, कुणाच्या कडेवर धाकटं भावंड. तेव्हा या बायांनी शाळाच उचलली आणि पाड्यावरच्या अंगणात नेऊन ठेवली. गुरांमागे हिंडणाऱ्यांसाठी कुरणात नेली. माँटेसरीबाईंची घोटीव लाकडी साधनं तिथे कुठून आणायची? मग शिंपले, बिया, खडे, काड्या, पानं यांवर भागवलं. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हे काम चाललं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची बालविकास योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली, आणि ‘अंगणवाडी’ देशभर गेली. म्हणजे शाळा एकदा आपल्या अंगणात येऊन गेलेली आहे, आणि तेव्हा तिने अंगणात जे पडलं होतं त्यावर समाधान मानलं होतं. आता ती परत येते आहे, फोनमधून, आणि या खेपेला घरात जे नाही तेच नेमकं मागते आहे. फ्लॅशकार्ड, चमकीचा कागद, ड्रॅगनफ्रूट. (पिवळा दिवस झाला, मग गुलाबीही आलाच.)

आणि घरात जे आहे ते काय सामान्य आहे? आमच्या फडताळात एक लोखंडी पायली, एक शेर, एक मापटं आणि एक चिपटं आहे. आता तांदूळ किलोने विकला जातो, त्यामुळे ही मंडळी निवृत्त आहेत. एका दुपारी आजीने ती खाली काढली, इंद्रायणीचं पोतं उघडलं आणि नातीला समोर बसवलं. दोन चिपटी ओतली की एक मापटं. दोन मापटी ओतली की एक शेर. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक पायरीला दुप्पट. पोरगी ओतत होती, सांडत होती, पुन्हा भरत होती. पायलीत मापटी किती मावतात हे तिला कुणी सांगितलं नाही, तिने ओतून काढलं: आठ.

फ्रोबेल नावाच्या जर्मन गृहस्थाने १८३७ साली ब्लँकेनबुर्गला लहान मुलांची शाळा काढली. जगभरातल्या केज्यांचा तो मूळपुरुष. त्याने मुलांसाठी लाकडी खेळण्यांचे संच केले, त्यातला तिसरा म्हणजे एक ठोकळा, जो सुटा केला की आठ लहान ठोकळे होतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, हे हाताला कळावं म्हणून. आमच्या आजीला फ्रोबेल ठाऊक नाही, फ्रोबेलला पायली ठाऊक नव्हती, आणि आठावर दोघांचं एकमत आहे. माँटेसरीच्या वर्गात धान्य या भांड्यातून त्या भांड्यात ओतायचं रीतसर काम असतं; पुण्यात त्याची फी पडते.

त्या दुपारी एक भांडणही झालं. आजी मापटं शिगेने भरते, वर डोंगर उभा राहीपर्यंत. नात हाताने सपाट करून भरत होती. शिगेची मापटी पडायला लागल्यावर आठ व्हायच्या आतच पायली वाहायला लागली. नात म्हणाली, ‘आजी, तू चीटिंग केलं.’ आजी म्हणाली, ‘देताना शीग धरायची असते.’ घेताना काय धरायचं असतं, हे नातीने विचारलं नाही. ते शिकायला अजून वेळ आहे.

या अभ्यासाचा एक दुष्परिणाम मात्र झाला. धान्य मोजताना आमच्याकडे पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात, आणि मग दोन, तीन. नातीने हे शाळेत नेलं. बाईंनी पेन्सिली मोजायला दिल्या, तर हिने लाभ, दोन, तीन असं सुरू केलं. ग्रुपवर नाही, पण खासगीत निरोप आला: पाल्य ‘वन’ विसरली आहे, कृपया सराव घ्यावा.

सूनबाईची चेष्टा करणं सोपं आहे, आणि सासऱ्याला तर फारच सोपं. पण ती मराठी शाळेत शिकून बी.कॉम. झाली आणि हिंजवडीत मुलाखतीला गेली तेव्हा प्रश्न तिला कळला होता, उत्तर येत होतं, फक्त इंग्रजी वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत समोरचा पुढच्या प्रश्नावर गेला होता. तिला मुलाखतीतली ती पाच मिनिटं मुलीच्या वाट्याला येऊ द्यायची नाहीत. त्यापुढे माझी पायली हलकीच पडते. शाळेनेही नातीला पुष्कळ दिलं. ती अनोळखी माणसाशी न लाजता बोलते, रांगेत उभी राहते, डबा वाटून खाते, आणि मी मध्येच बोललो तर ‘वेट’ म्हणते. आमच्या खानदानात आजवर मला कुणी थांबवलं नव्हतं.

गंमत म्हणजे जे मी घरात भांडून मागतो ते जिल्हा परिषदेच्या शाळा आपणहून देत आहेत. २०२२ पासून त्यांचं ‘पहिले पाऊल’ नावाचं अभियान आहे. पहिलीत येणाऱ्या मुलांचा मेळावा भरतो, रंग ओळखणं, उड्या मारणं, गोष्ट सांगणं, वस्तू मोजणं यांची टेबलं मांडलेली असतात, आणि वस्तीवरच्या आयांचे गट केले जातात. त्यांना फोनवर सुचवलं जातं ते असं: भाज्या निवडताना मुलांना वेगळ्या करू द्या, भांडी लहान-मोठी लावू द्या, त्यांच्याशी गप्पा मारा. फी भरून आम्ही चमकीचा कागद आणतो आणि फुकटच्या शाळेत भेंडी-गवारीवर वर्गीकरण शिकवतात. यात कोण पुढे आहे हे सूनबाईला विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

गप्पा मारा, ही सूचना मला त्यात सगळ्यात मोलाची वाटते आणि सगळ्यात अवघडही. मुलाची पाळी, सुनेचा फोन, माझं खाचर, आजीची मालिका, यातून पोरीच्या ‘का’ला बसून उत्तर द्यायला माणूस मोकळा असावा लागतो. बेडकाला शेपूट का नाही? आधी होतं, मग कुठे गेलं? हे सांगायला मी तिला खाचराच्या कडेला नेलं, पाण्यातली पिल्लं दाखवली, एकाला शेपूट होतं आणि मागचे पायही फुटले होते. अर्धा तास आम्ही दोघंही उकिडवे बसलो होतो. त्या दिवशीची ‘एफ’ची कार्यपत्रिका तशीच राहिली, आणि त्या पानावर चित्र बेडकाचंच होतं.

तेव्हा बाई, तुमच्याशी माझं वैर नाही; चाळीस पोरं सांभाळून संध्याकाळी आम्हाला निरोप लिहिता, हे सोपं नाही. एकच विनंती आहे. येत्या शनिवारी ग्रुपवर रंग, आकार, चार्ट काही टाकू नका. ‘घरातलं धान्य कुठल्याही भांड्याने मोजा, सांडलेलं पोराकडूनच भरून घ्या’ एवढंच टाका. आणि फोटो मागू नका.